पंच्याहत्तर टक्के सावली

आमच्या घराला वरून भोक आहे, ही गोष्ट आता वडवणीत कुणापासून लपलेली नाही. बीड-परळी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणी माझं घर विचारलं, तर "ते भोकवाले गुरुजी का?" असा उलटा प्रश्न येतो. सव्वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. त्याची ओळख काही राहिली नाही. तीन फूट बाय चार फुटाच्या भोकाची राहिली.

मी त्याला स्कायलाइट म्हणतो. बायको भोकच म्हणते. आई म्हणते सानं.

आईचा शब्द बरोबर आहे. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यावर काड्या-पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. खिडकी नावाचा प्रकार त्या घरात नव्हता. भिंती दोन-दोन हात जाड आणि दोन्ही अंगांना भावकीची घरं टेकलेली, खिडकी काढणार कुठं? उजेड यायचा तो वरून, माळवदाला ठेवलेल्या चौकोनी भोकातून. तेच सानं. चुलीचा धूर तिथूनच जायचा. सुगीत ज्वारीची पोती माळवदावर चढवून बळदावरच्या सान्यातून धान्य सरळ खाली ओतायचे. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा उतरायचा आणि तो जात्यापाशी सरकला की आजी चहाचं आधण ठेवायला उठायची. झाकण म्हणून लोखंडी कडी बसवलेली एक फरशी होती. पावसाचा पहिला थेंब पडला की आजी ओसरीतून ओरडायची, "सानं झाका गं!" आणि जिन्याच्या जवळ जी सून असेल ती पदर खोचून वर पळायची. चार सुना होत्या, त्यामुळे यंत्रणा कधी बंद पडली नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. चाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून शंभरावर किलोमीटर, आमच्याकडं नुसती मांडणीतली भांडी वाजली. पण तिकडं हजारो माणसं ज्याच्याखाली गेली ते हेच होतं : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचा मातीचा ढीग. त्यानंतर मराठवाड्यात कित्येकांना माळवदाखाली झोप लागेना. बाबांनी दोन वर्षांत माळवद उतरवलं, विटांच्या भिंती उचलल्या, स्लॅब टाकला. मिस्त्रीनं विचारलं, सानं ठेवायचं का? बाबा म्हणाले, "वरून आता काही नको."

त्यामुळे झालं काय, की आमच्या मधल्या खोलीत भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लागते. लाइट गेली की त्या खोलीत माणसं आवाजावरून ओळखायची. तीस वर्षं आम्ही हे चालवून घेतलं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मी मागच्या दिवाळीत पुण्याला साडूकडं गेलो नसतो, तर आजही वाटलं नसतं.

साडूनं जिन्यावर काचेचं छत केलंय. आम्ही दारातून आत शिरलो तोच त्यानं वर बोट दाखवलं आणि म्हणाला, "दिवसा आम्ही लाइट लावतच नाही." चहा झाल्यावर पुन्हा म्हणाला. जेवताना परत. परतीच्या एसटीत बायको काही बोलली नाही, पण मांजरसुंबा येईपर्यंत ती तीनदा बसच्या छताकडं बघताना मला दिसली. निदान मला तरी तसं वाटलं. नंतर कळलं की वरच्या रॅकवरची आमची पिशवी गळत होती.

मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आधी स्लॅबकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गुरुजी, घर गळायलंय, भोक बुजवा म्हणून लोक मला बोलावतेत. भोक पाडा म्हणून बोलावणारे तुम्ही पहिलेच."

"उजेडासाठी आहे ते."

"उजेडाला मग बाहेर बसायचं की."

तरी तो आला. स्लॅबमधले गज कुठून गेलेत, कुठं कापलं तर चालेल, हे एका ओळखीच्या इंजिनिअरकडून आखून घेतलं होतं. तीन दिवस ब्रेकर चालला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर सिमेंटची साय आली. आईनं त्या तीन दिवसांत शेजारी मुक्काम हलवला आणि तिथून, भिंतीपलीकडून, आमची बातमी गल्लीला पुरवली. भोकाभोवती वीतभर उंच कठडा बांधून घेतला, त्यावर टफन काच, कडेनं सिलिकॉन.

आईला पटावं म्हणून मी तिला पुतण्याच्या मोबाइलवर रोमच्या पँथिऑनचा फोटो दाखवला. जवळजवळ एकोणीसशे वर्षांची इमारत, घुमटाच्या माथ्याला आठ-नऊ मीटर रुंदीचं गोल भोक, त्यावर ना काच ना झाकण. पाऊस सरळ आत पडतो आणि खालच्या फरशीला ठेवलेल्या छिद्रांतून वाहून जातो.

आईनं फोटो लांब धरून पाहिला. "इथं राहतंय कुणी?"

"राहत नाही. आधी देऊळ होतं, आता चर्च आहे."

"मंग देवाला चालतंय. देवाला उन्हाचं काय व्हतं?"

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. डिसेंबर होता ना.

डिसेंबरातलं ते ऊन काय सांगू! दुपारी कोवळं, पिवळं, दुधावरच्या सायीसारखं खोलीत यायचं आणि उत्तरेच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक तिरका चौकोन होऊन बसायचं. वर्तमानपत्रातलं निविदांचं पानसुद्धा मी त्या उजेडात वाचून काढलं. भोकाच्या बरोबर खाली दिवाण सरकवला, त्यावर नवी चादर घातली. शाळेतल्या सहकाऱ्यांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "दिवसा आम्ही लाइट लावतच नाही." साडूला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. तो एक अंगठा मला आठ दिवस पुरला.

भूगोलाच्या माणसाला यात आणखी एक खेळणं सापडलं. रविवारी दुपारी मी तो चौकोन भिंतीवर पेन्सिलीनं आखायला लागलो. जानेवारीच्या शेवटी तो जरा खाली उतरला. फेब्रुवारीत भिंत सोडून फरशीवर आला. मार्चच्या २१ तारखेला, दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला, तो दिवाणापासून हातभर अंतरावर होता. मी बायकोला कौतुकानं दाखवलं, "बघ, सूर्याचं उत्तरायण आपल्या घरात दिसतंय." ती म्हणाली, "म्हणजे तो तुमच्याकडंच यायलाय."

आता इथं वाचकांनी माझी लायकी ओळखावी. ज्या माणसानं सव्वीस वर्षं फळ्यावर कर्कवृत्त काढलं, कर्कवृत्ताच्या दक्षिणेच्या प्रत्येक गावाच्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो हे पोरांकडून घोकून घेतलं, वडवणी १९ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहे म्हणजे ते दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला येतात हे प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारलं, त्या माणसानं डोक्यावर भोक पाडून बरोबर खाली अंथरूण घातलं होतं. आणि सूर्य एकेक वीत करत येताना पेन्सिल घेऊन त्याला वाट आखून देत होता.

एप्रिलात सकाळची शाळा लागली. साडेबाराला घरी यायचं, जेवायचं आणि दिवाणावर आडवं व्हायचं हा माझा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत उठलो. वाटलं, ताप आलाय. दुसऱ्या दिवशी बायकोला वाटलं, ताप आलाय. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन हिशोब केला. भर दुपारच्या निरभ्र उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊर्जा पडते. माझं भोक बारा चौरस फूट, म्हणजे मीटरभरापेक्षा जरा मोठंच. काचेनं थोडं अडवलं असं धरलं तरी छताला एक विजेची शेगडी उलटी टांगून मी तिच्याखाली झोपत होतो. बाहेर ४२, कधी ४३. कोपऱ्यात कूलर जीव तोडून वाळ्याचा वास सोडत होता, आणि तो वास शेगडीवर परतला जात होता.

त्या वेळी मला डेन्मार्कचीही आठवण झाली. साडूची काच तिथल्या पद्धतीची आहे असं तो सांगत असतो. छताच्या खिडक्यांचा मोठा धंदा उभा राहिला तो त्याच देशात, १९४० च्या दशकात. का नाही राहणार? कोपनहेगनला ऐन जूनमध्ये भर दुपारीसुद्धा सूर्य ५८ अंशांच्या वर चढत नाही. तिथल्या माणसाला ऊन घरात ओढून आणावं लागतं. ते एवढं लांबचं ऊन मी वडवणीत आणून काय करणार होतो कोण जाणे. आमच्याकडं ऊन दार न वाजवता येतं.

घरातल्या बायकांना मात्र भोकाचा उपयोग ताबडतोब कळला. एके दिवशी शाळेतून आलो तर दिवाणावर जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर कुरडया. पांढऱ्याशुभ्र, ओळीनं. खाली चटईवर सांडगे. आई काठी बाजूला ठेवून निवांत बसलेली.

"कावळे नाहीत, धुराळा नाही, वानरं नाहीत," आई म्हणाली. "लई झ्याक केलंस बाबा. पहिल्यांदा काहीतरी कामाचं केलंस."

गल्लीतल्या दोघीतिघी आपापल्या पापडाची ताटं घेऊन आल्या. माझी वामकुक्षी ओसरीत, कुत्र्याच्या शेजारी. कुरडया निघेपर्यंत तीन आठवडे मी माझ्याच स्कायलाइटखाली पाय ठेवला नाही. ठेवला असता तर सांडग्यावर पडला असता.

आता पडदा घेणं भाग होतं.

बीडला पडद्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्यापुढं कापडाच्या नमुन्यांचे चार जाडजूड अल्बम टाकले. रोलर, झेब्रा, रोमन, व्हेनेशियन, ब्लॅकआउट. रंगांची नावं तर अशी की खायला मागवावेत : आयव्हरी, मोका, हनी, सँड. प्रत्यक्षात सगळे आमच्या अंगणातल्या मातीचे.

"खिडकी कुठल्या भिंतीला आहे सर? पूर्व की पश्चिम?"

"भिंतीला नाही. वर आहे."

"वर म्हणजे व्हेंटिलेटर?"

"वर म्हणजे वर. छताला."

त्यानं अल्बम मिटला. मग दुसरा उघडला. मग आतल्या माणसाला हाक मारली. दोघांनी मिळून मला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. अशा छताच्या खिडकीला दोन्ही कडांना खाचेच्या पट्ट्या असलेला, कापड ताणून धरणारा वेगळा पडदा लागतो. तो मागवावा लागेल, इतके दिवस लागतील आणि एवढे पैसे पडतील, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. आकडा ऐकल्यावर मीच विचारलं, "साधा रोलर आडवा नाही बसणार?"

"रोलर खाली लोंबायसाठी असतो सर."

"पण बसवला तर?"

"बसवला तर बसतो," तो म्हणाला. त्याचा आवाज थोडा बदलला होता. वर्गात हट्टी पोराला मी "लिही बाबा, तुला वाटतंय तेच लिही" म्हणतो, तेव्हा माझा होतो तसा.

माप मी शाळेतल्या फूटपट्टीनं घेतलं होतं. फूटपट्टी बारा इंची, तिच्या दोन्ही टोकांना खुणांच्या बाहेर थोडी थोडी मोकळी जागा असते, आणि मी ती चार वेळा टोकाला टोक लावून मोजली होती. पडदा सव्वा इंच लहान आला. अकरा दिवसांनी आला, पण त्याबद्दल तक्रार नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला लागली. आमच्या भागात अकरा दिवस म्हणजे तातडीची सेवा.

पडदा मी निवडला तो ब्लॅकआउट, रंग मोका. बायकोला कमळाची नक्षी हवी होती. मी तिला समजावलं की पडद्याला नक्षी नव्हे, घनता बघतात. असली वाक्यं मला ऐन वेळी सुचतात आणि वर्षभर ऐकावी लागतात.

रोलरची नळी एका कडेला ठोकली. कापडाच्या टोकाची पट्टी ओढून समोरच्या कडेला दोन हुकांत अडकवली. साखळी खाली लोंबत ठेवली. लांबून बघितलं तर व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी कापड मध्यातून दोन बोटं खाली आलं. आठ दिवसांत वीतभर. पंधरवड्यात आमच्या मधल्या खोलीच्या छताला मोका रंगाची एक छान झोळी तयार झाली.

"वर पाळणा बांधलाय का?" शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं. "कुणाला दिवस गेलेत?"

झोळीत काय काय साठत होतं देव जाणे. संध्याकाळी पाकोळ्या, रात्री किडे. एका पालीनं तिथं कायमचा संसार थाटला. पण तिचा खरा पराक्रम केंद्रप्रमुख घरी आले तेव्हा दिसला. शाळेच्या पटसंख्येचं काहीतरी गंभीर काम होतं. ते दिवाणावर, मी खुर्चीवर, मध्ये कागद. कडेला जिथून उन्हाची फट आत येत होती तिथून पाल कापडावर सरकली, आणि उन्हानं तिची सावली पातळ झालेल्या झोळीवर पाडली. आता ब्लॅकआउट कापडावर सावली कशी दिसते असं मला विचारू नका. ब्लॅकआउट हे नाव दुकानात असतं, छताला गेल्यावर ते बदलतं. पाल हातभर लांब दिसत होती. तेवढ्यात वर काचेवर मांजर आलं. त्याला पाल दिसली. मग एका बाजूनं मांजराचे चार पंजे, दुसऱ्या बाजूनं पाल, मध्ये काच. केंद्रप्रमुखांचा पेन कागदावर थांबला. पाच मिनिटं आम्ही दोघं तोंड वर करून तंबूतला सिनेमा पाहत होतो. शेवटी पाल घसरून झोळीच्या तळाला आली आणि तिथं आमच्या दोघांच्या बरोबर डोक्यावर तिचा आकार उमटला. "तुमच्याकडं नंतर येतो," म्हणत केंद्रप्रमुख उठले. पटसंख्येची चौकशी त्यांनी पुढं फोनवरच केली.

पालीचं सोडा. मुख्य दुखणं वेगळंच होतं. पडदा लावल्यावर उजेड गेला, पण उकाडा तिथंच. उलट कापड स्वतःच तापायचं. हात वर करून बघितलं तर तवा. आणि खोली काळोखी झाल्यामुळे आम्ही ट्यूबलाइट लावायला लागलो. म्हणजे ट्यूबलाइट वाचावी म्हणून पैसे देऊन भोक पाडलं, भोक झाकावं म्हणून पैसे देऊन पडदा आणला, आणि पडद्याखाली दिसावं म्हणून ट्यूबलाइट. आता फक्त ट्यूबलाइटवर सावली धरायची राहिली होती.

यातली चूक मला आठवीतल्या एका पोरानं दाखवली. तो आईच्या कुरडया न्यायला आला होता. वर बघून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच शिकवलं व्हतं की. ऊन काचेतून आत येतंय, पर आतली गरमी काचेतून भायेर जात न्हाई. हरितगृह." थोडा थांबला आणि म्हणाला, "चोर घरात शिरल्यावर कडी लावल्यावानी केलंय तुम्ही. पडदा वरून पायजे."

पोराला त्या धड्यावर मी दहापैकी चार गुण दिले होते. चुकून दिले असावेत.

मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस आला. सुट्टी होती, तरी गल्लीतली पोरं गच्चीवर गोळा केली. वडवणीला सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आपण त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरून सव्वीस मिनिटं उशीर, त्यातून मे महिन्यातली तीन-चार मिनिटं वजा. बारा वाजून बावीसला मी पितळी तांब्या उपडा ठेवला. त्याची सावली त्याच्याच पोटाखाली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यातलं एक पोर काचेवर ओणवं होऊन खाली बघत होतं. म्हणालं, "गुरुजी, खाली तर नीट चौकोन पडलाय! कुठंच तिरका न्हाई!"

मी बघितलं. पोरांसाठी पडदा गुंडाळलेला होता. ऊन दिवाणावर दोरी सोडल्यासारखं सरळ पडलं होतं, आणि उशीवर माझ्या डोक्याचा जुना खळगा बरोबर त्याच्या मधोमध होता.

त्याच संध्याकाळी मी पडदा काढला. पाल आत होती. तो प्रसंग मी वगळतो.

आता उपाय बाहेरून. पहिला उपाय चुना. आमच्याकडं उन्हाळ्यात पुष्कळ लोक स्लॅबवर चुन्याचा हात मारतात, घर गार राहतं. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालतात. तो मी वाचवला. काचेवर दोन हात मारले आणि खरोखर फरक पडला, खोलीत ढगाळ दिवसासारखा थंड, पांढरा उजेड आला. दोन दिवस मी दिवाणावर राजासारखा झोपलो. तिसऱ्या दिवशी अवकाळी आली. सगळा चुना वितळून कठड्यात साचला आणि सिलिकॉन कुठं सुटलंय ते आम्हाला कळलं. भिंतीवरच्या माझ्या पेन्सिलीच्या चौकोनांवरून पांढरे ओघळ खाली आले. दुसरा उपाय बारदाना, पाणी मारून. तो वावटळीनं उचलला आणि भावकीच्या अंगणात, लग्नाच्या मांडवावर नेऊन टाकला. ओला होता. त्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत.

मग कुणीतरी म्हणालं, शेडनेट बघा की. मी कृषी सेवा केंद्रात गेलो. तिथं उभ्या केलेल्या हिरव्या, पांढऱ्या, काळ्या जाळीच्या गुंडाळ्या बघून मला पहिल्यांदा वाटलं, अरे, बीडच्या काचेच्या दारात कशाला गेलो होतो? सावलीचा धंदा तर आपल्या भागात केव्हाचा चालू आहे. मिरचीची रोपं, ढोबळी, कलमं, सगळ्यांना उन्हाची चाळणी लागते आणि शेतकऱ्याला टक्के तोंडपाठ असतात.

"किती टक्के पाहिजे?" दुकानदार.

"म्हणजे?"

"पन्नास टक्के, पंच्याहत्तर, नव्वद. जेवढे टक्के, तेवढं ऊन अडतं. किती गुंठ्याला?"

"बारा चौरस फुटाला."

त्यानं मान वर केली. "पीक कोणतं?"

मी थोडा वेळ विचार केला. खोटं बोलावंसं वाटेना. "मी," म्हणालो.

मागं युरियाला उभे असलेले चौघे पुढं सरकले. मग तिथं माझ्यावर एक छोटं चर्चासत्र झालं. एकाचं म्हणणं, माणसाला पन्नास पुष्कळ. दुसरा म्हणाला, वय बघा गुरुजींचं, पंच्याहत्तर घ्या. तिसऱ्यानं लाखाचं बोलून टाकलं : जाळी काचेला चिटकवू नका, फूटभर वर चौकटीवर ताणा, म्हणजे मधून वारा खेळतो आणि तापलेली जाळी काचेला गरम करत नाही. पडद्यांच्या चार अल्बमांत हे एक वाक्य नव्हतं. चौथा गप्प होता. जाताना त्यानं विचारलं, "रोप लावून किती दिवस झाले?"

पंच्याहत्तर टक्के, हिरवी. मोका रंगाच्या पडद्याच्या पैशात अशा जाळीनं आमची अर्धी गच्ची झाकली असती. अँगलची चौकट करून जाळी कठड्याच्या फूटभर वर ताणली. त्या दुपारी मी दिवाणावर झोपलो आणि पावणेचारला उठलो. पण उठून आरशात पाहिलं तर माझा चेहरा हिरवट. बायकोचा हिरवट. भिंत, भात, दही, सगळ्यांवर शेवाळी झाक. बघायला आलेले पाव्हणे आल्या आल्या आमच्या तब्येतीची चौकशी करायला लागले. आई म्हणाली, "तळ्यात बसल्यागत वाटायलंय. बदल ती." हिरवी जाऊन पांढरी आली. हिरवी जाळी हरितगृह आठवून देणाऱ्या त्या पोराच्या बापाला मिरचीसाठी दिली. त्याची रोपं उत्तम आहेत, मला मुद्दाम कळवण्यात आलं.

एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण जून लागला. आभाळ भरून आलं की पंच्याहत्तर टक्के सावलीची जाळी म्हणजे दुपारी दोन वाजता दिवेलागण. जाळी काढली की ढग सरकतो आणि शेगडी पेटते. त्यामुळे जाळी काढ-घालीची करून घेतली, चार कोपऱ्यांना चार हुक. ते हुक गच्चीवर. गच्चीला जिना बाहेरून. आणि आईनं आपली खाट आता दिवाणाशेजारी, भोकाखाली आणलीय, कारण तिला जप करायला तिथं बरं वाटतं.

"आभाळ आलंय रे, जाळी काढ."

मी वर जातो. काढतो. खाली येतो.

"ऊन पडलं बघ. घाल."

जुलैच्या अखेरच्या एका रविवारी मी सात वेळा वर गेलो. सूर्य दुसऱ्यांदा माथ्यावर यायचे दिवस, पण दिसेल तर शपथ. आठव्यांदा निघालो तेव्हा आई एकदम म्हणाली, "आपल्या सान्याची फरशी व्हती, कडीची. ती कामून नाही टाकत? एका हातानं सरकायची. तुव्ही आजी म्हातारपणी काठीनं सरकवायची, खालूनच."

खालूनच! मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलो. तीस वर्षं ती फरशी गेली कुठं, हे घरात कुणालाच सांगता येईना. माळवदाच्या मातीबरोबर गेली असेल, भावकीनं नेली असेल. मी परसात जाऊन पडक्या भिंतीचे दगड उलथले, नांदीमागं बघितलं. शेवटी मोरीपाशी आलो. बायको धुणं धूत होती. चादर आपटून तिनं बाजूला सारली, आणि साबणाच्या फेसाखाली, दगडाच्या मधोमध, झिजून गुळगुळीत झालेली लोखंडी कडी दिसली.

मी खिशातली फूटपट्टी काढली. बायकोनं आधी फूटपट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि चादर परत दगडावर ओढली.

"आधी मला दुसरा दगड आणून द्या," ती म्हणाली. "मग काय मोजायचं ते मोजा."

आतून आईचा आवाज आला, थेंब पडायलेत.